मदत हवी आहे: केरळच्या चुंदन होड्या बांधताना बघायच्या आहेत

नमस्कार मंडळी. नेहरू ट्रॉफीची, म्हणजे चुंदन (लांबलचक, नागासारख्या) होड्यांची शर्यत टीव्हीवर बघून आमचे काका हट्टाला पेटलेत. वय ७१, मालवणकडे होड्या बांधण्यात हयात गेली. शर्यत नको म्हणतात, पण 'शंभर फुटांहून लांब होडी वाकत कशी नाही ते बघायचं!' १९५२ साली नेहरू आलेप्पीला (म्हणजेच आलप्पुळाला) आले तेव्हा झालेल्या शर्यतीपासूनची ही ट्रॉफी. पण काकांना त्यात रस शून्य. त्यांचा जीव लाकडात.

तर प्रश्न असे. आलप्पुळा किंवा आरन्मुळाच्या बाजूला नवी होडी बांधायला घेतलेली बाहेरच्या माणसाला बघू देतात का? आरन्मुळाच्या होड्या, ज्यांना पळ्ळियोडम म्हणतात, देवळाशी जोडलेल्या, त्यावर अनवाणीच चढतात, म्हणून विचारतोय. आगाऊपणा व्हायला नको. आधी कोणाशी बोलावं, गावातल्या होडीमंडळाशी की थेट सुतारांशी?

दुसरं, तिथे वापरतात ते आंजिलीचं लाकूड म्हणजे आपला रानफणसच ना? काका म्हणतात तोच, पण फळी हातात घेतल्याशिवाय ते मानणार नाहीत. पूर्वी फळ्या काथ्याने शिवायचे म्हणे. शिवणीचं काम अजून कुठे चालू असेल तर तेही दाखवायचं आहे.

पठाण (होडीचा तळाचा कणा), वल्ही, फळी यांना मल्याळममध्ये काय म्हणतात हे कोणी लिहून दिलं तर फार बरं. मला मल्याळम येत नाही, आणि काकांना हिंदीही बेताचीच. तरी दोन सुतार भेटले की हातवाऱ्यांवर भागेल असा त्यांचा दावा आहे.

जायचं ऑगस्टच्या आधी, होड्या डागडुजीला वर काढलेल्या असताना. केरळात राहणारं आपलं कोणी आहे का इथे?