मदत हवी आहे: ८ इंची डॉबमधून शनीचा चंद्र एन्सेलाडस दिसेना

दुर्बीण: ८ इंची डॉबसोनियन (डॉब, म्हणजे हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण), फोकल लांबी १२०० मिमी. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) २५ आणि १० मिमी, प्लॉसल प्रकारचे; २x बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग). शनीचे बाकीचे चंद्र टायटन, रिआ सहज दिसतात; टेथिस, डायोनीही सापडतात. एन्सेलाडसची प्रत (तेजस्विता; आकडा मोठा तितका अंधुक) साधारण ११.८. एवढ्या प्रतीचे तारे याच दुर्बिणीतून दिसतात, मग हा का नाही? मोबाइल लावून २ सेकंदांचा फोटो घेतला तर नुसती रेघ येते.

आकाशवेडा:
प्रत पुरेशी आहे, आड येतो तो शनीचा झगमगाट. प्रतियुतीच्या (शनी सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या) सुमारास एन्सेलाडस शनीच्या केंद्रापासून फार तर ३८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) लांब जातो आणि कड्यांचं टोकच २२ विकलांवर असतं. उरल्या १६! त्यातून २०२५च्या मार्चमध्ये रेघेसारखी झालेली कडी आता पुन्हा उघडताहेत, म्हणजे उजेड वाढणारच.

प्रदक्षिणा ३२.९ तासांची, त्यामुळे दर साडेसोळा तासांनी तो कुठल्या तरी एका टोकाला असतो. त्याच्या आगेमागे दोन-दोन तास, बस. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये अशी रात्र शोधा की तेव्हा शनीही उंच असेल. डॉबमध्ये उलटं दिसतं, म्हणून तिथलं चित्र १८० अंशांत फिरवून घ्या, नाहीतर भलत्याच बाजूला शोधत बसाल.

आरसा पाऊण तास थंड होऊ द्या, कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत का ते) तपासा, मग १० मिमी + बार्लो, म्हणजे २४० पट. आयपीसमध्ये खालून डोकावल्यावर धातूची कडी दिसते, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची सरळ कापलेली पट्टी अर्धं क्षेत्र झाकेल अशी बसवा. शनी पट्टीमागे लपवून तिरक्या नजरेने, म्हणजे चंद्राकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवून बघा.

प्रश्नकर्ता:
पट्टी लावली. शनी सारखा सरकतो, धड बघायलाच मिळत नाही.

ध्रुवमत्स्य:
मिळणार नाहीच. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. कड्यांचं टोक पट्टीआड गेल्यावर चंद्र जाईपर्यंत जेमतेम एक सेकंद मिळतो. तोही चंद्र पूर्व टोकाला असेल तरच, कारण तेव्हा शनी पुढे आणि चंद्र मागे असतो. पट्टीची कड सरकण्याच्या दिशेला काटकोनात ठेवा आणि नळी हलकेच ढकलत राहा. इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म (आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) मिळाला तर निम्मं काम झालं.

फोटोतली रेघही त्यामुळेच: २ सेकंदांत ३० विकला. ट्रॅकिंगशिवाय तो नाद सोडा.

आणखी एक. दुय्यम (नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या) आरशाला धरणाऱ्या पात्यांमुळे शनीला चार शेपट्या फुटतात. चंद्र नेमका शेपटीवर असेल तर तासभर थांबा. डॉबमध्ये क्षेत्र फिरत असल्याने तो बाजूला येतो.