ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230, स्टेज 1: पाव मैलात सुरुवात फसतेय, मदत हवी आहे

व्हीआरएस_नाशिक
स्कोडाची गाडी, 2.0 टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). इंजिनाला 95 ऑक्टेन पेट्रोलसाठीचा स्टेज 1 मॅप (फक्त सॉफ्टवेअर बदलून वाढवलेली ताकद), गिअरबॉक्सचा मॅप कंपनीचाच. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), एक्झॉस्ट, इंजिन माउंट मूळचे. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 402 मीटरचे (पाव मैल) तीन रन, पहिल्या 60 फुटांचा आणि एकूण वेळ सेकंदांत, वेग किमी/तास:

60 फूट 2.52, एकूण 14.31, शेवटचा वेग 166
60 फूट 2.49, एकूण 14.44, वेग 162
60 फूट 2.58, एकूण 14.70, वेग 159

ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद, लाँच कंट्रोल (ठरावीक आरपीएम धरून गाडी सोडणारी सोय) चालू, चारही टायरांत 34 पीएसआय हवा. पहिल्या गिअरला चाकं जागीच फिरतात आणि पुढून धडधड बसते. मोठा टर्बो टाकू का?

अडीच_बार
टर्बोला आत्ता हात लावू नका. 166 वेग गाठणारी गाडी साडेतेरा सेकंदांच्या आसपास यायला हवी, म्हणजे ताकद आहे, ती रस्त्यावर उतरत नाहीये. पहिल्या 60 फुटांत 0.1 सेकंद वाचला की शेवटी 0.15 ते 0.2 वाचतो. तिथेच तुमचं अर्ध्या सेकंदाहून जास्त जातंय.

विमानाच्या धावपट्टीवर ड्रॅग स्ट्रिपसारखा चिकट थर नसतो, त्यामुळे लाँच कंट्रोलचे तीन हजारांवरचे आरपीएम तिथे जास्त होतात. एक रन त्याच्याशिवाय करा: गाडी हलेपर्यंत अर्धं ॲक्सिलरेटर, मग दीडेक सेकंदात पूर्ण. पुढे 28 हवा, मागे 38. रन संपले की परत 34 करा. 28 वर घाट उतरायचा नाही.

ती धडधड म्हणजे व्हील हॉप. टायर पकडतो, सुटतो, परत पकडतो आणि इंजिन खालच्या डॉगबोन माउंटवर (इंजिनाला खालून धरणारा छोटा दांडा) मागेपुढे झुलतं. सुरू झाली की पाय काढाच, ड्राइव्ह शाफ्ट अशानेच तुटतात. डॉगबोनला पॉलियुरेथेनचा कडक इन्सर्ट बसवा. बोल्ट नवेच घ्या, ते एकदाच ताणायचे असतात.

लॉगवाला
166, 162, 159 हा उतार उष्णतेचा वाटतोय. लॉग (रनच्या वेळची गाडीच्या संगणकातली नोंद) आहे का? आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि चारही सिलिंडरचं टायमिंग करेक्शन (संगणकाने ठिणगी किती अंश मागे घेतली ते) बघायचंय.

व्हीआरएस_नाशिक
तिसऱ्या रनला सुरुवातीला 47, शेवटी 71 अंश. तिसऱ्या सिलिंडरला उणे 5 पर्यंत, बाकीच्यांना उणे 3. रांगेत एसी चालू होता.

लॉगवाला
मग तेच. या गाडीत इंटरकूलर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधोमध बसतो, म्हणजे एसीची सगळी गरमी आधी त्याच्यावर. वर बर्फाच्या पिशव्या ठेवणारे दिसतील, पण इथे बर्फ इंटरकूलरपर्यंत पोचतच नाही. एसी निदान 10 मिनिटं आधी बंद करा, रांगेत बॉनेट उघडा, दोन रनमध्ये 20 मिनिटं जाऊ द्या. सगळ्याच सिलिंडरचं टायमिंग मागे येतंय म्हणजे नुसत्या प्लगचा दोष नाही. तरी प्लग काढून गॅप मोजा, टर्बोच्या या दाबाला 0.6 ते 0.7 मिमी ठीक. एवढं करून, आत येणारी हवा थंड असताना तिसऱ्या गिअरला 2,500 ते 6,000 आरपीएम पुन्हा लॉग घ्या. तरीही उणे 3 च्या पुढे गेलं तर मॅप करणाऱ्याकडून टायमिंग कमी करून घ्या.

गिअरतेल
एक राहिलं. हा गिअरबॉक्स साधारण 350 एनएम टॉर्कच्या हिशोबाने आहे, स्टेज 1 त्याच्या बरंच वर जातं. चौथ्या गिअरला आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, असं लॉगमध्ये दिसलं तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्सचा मॅप करून क्लचचा दाब वाढवावा लागेल, आणि लाँचचे आरपीएमही तिथेच खाली आणता येतात. तेल आणि फिल्टर 60,000 किमीची वाट न बघता 40,000 ला बदला.

कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) मात्र टाकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे, मूळ रचनेत बदल चालत नाही. पीयूसीलाही गाडी अडकेल.