मटण सोडू नका, गुर्दा-काळीज कुठलं ते विचारा

विजापूर रोडकर :
काल ग्रुपवर पोस्ट फिरली, 'मटणात शिसं आणि कॅडमियम असतं, कॅन्सर होतो, आजपासून मटण बंद.' खाली सगळे हात जोडून मोकळे. राग आला म्हणून सविस्तर लिहितोय. कॅडमियम हा विषारी धातू मांसात फारसा थांबत नाही, गुर्द्यात (मूत्रपिंडात) आणि काळजात, म्हणजे यकृतात, साठतो. युरोपची मर्यादा बघा : किलोमागे मांसात ०.०५ मिलिग्रॅम, काळजात ०.५, गुर्द्यात १. जनावर जितकं जून, तितका साठा जास्त. वर्षाच्या आतल्या बोकडाचं मटण आणि म्हाताऱ्या शेळीचा गुर्दा एकाच मापानं मोजून लोकांना घाबरवायचं, हे चूक आहे.

शेळगीकर :
ते बोकड खातं काय, ते पण सांगा की ओ. आमच्याकडं नाल्याच्या पाण्यावर गवत काढून पेंढ्या विकतात. भंगारवाले जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथंच शेळ्या चरतात, रोज बघतो. आणि शिशाला सुरक्षित पातळीच नाही. एफएओ-डब्ल्यूएचओ या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीनं, आठवड्याला किती शिसं पोटात गेलं तर चालेल ही जुनी मर्यादाच २०१० मध्ये मागं घेतली. युरोपचे आकडे घेऊन काय करू? इथं गुर्दा तपासतंय कोण?

माळकरी :
म्हणून म्हणतो, खाऊच नका. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाही, काही अडलं नाही.

विजापूर रोडकर :
माउली, जपानात जिंझू नदीकाठी कॅडमियमनं माणसांची हाडं मोडली ती भात खाऊन. खाणीचं पाणी शेतात शिरलं होतं. नाल्याकाठचा पालक तुमच्याही ताटात येतो.

जुळे सोलापूरची सून :
काळजावर बोट ठेवणं सोपं आहे. बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, गोळ्यांनी पोट बिघडायचं. सासूबाईंनी काळीज भाजून खाऊ घातलं तेव्हा उभी राहिले. अंगात लोह कमी असलं की कॅडमियम आणि शिसं जास्त शोषलं जातं, हे का नाही लिहिलं?

विजापूर रोडकर :
ताई, हे मान्य करावंच लागतंय. काळीज खा, पण कोवळ्या बोकडाचं, आणि रोज नको. गुर्द्याबद्दल मी मागं हटणार नाही.

हिप्परगा :
बसा मटणावर भांडत! उजनी धरणात काय येतं ते बोला. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून धरणात. तेच आपण सोलापूरकर पितो, ते पण चार-पाच दिवसांनी नळ आला तर.

पुण्यात नोकरी :
सगळं पुण्यावर ढकला. अक्कलकोट रोडच्या रंगाईचं पाणी कुठं जातं?

हिप्परगा :
बे, मी रंगाईवाल्याच्या घरात वाढलोय. वडील हातानं रंग कालवायचे, नखं कायम निळी. त्यांना कुणी हातमोजे दिले नाहीत, आणि आज तू त्यांचं नाव पुढं करतोस? आपला नाला उजनीत चढून जात नाही, उजनी वरच्या अंगाला आहे!

शेळगीकर :
चढत नाही, पण खालच्या रानात तर जातो. तिथली वैरण परत शहरातच येते.

पुण्यात नोकरी :
बरं बाबा, उजनीत पुण्याचा वाटा मोठा, घ्या. मग उजनीतली चिलापी मासळी तरी सोडा.

भिगवणचा मासेवाला :
चिलापीला बदनाम करू नका, आमची पोटं आहेत त्यावर. पारा जास्त साठतो तो मासे खाणाऱ्या मोठ्या माशात. चिलापी शेवाळ खाते.

हिप्परगा :
पाऱ्याचं पटलं. पण शिसं गाळात बसतं आणि चिलापी गाळ चिवडते. आणि हे शिजवून जाणारं विष नाही, सहा शिट्ट्या दिल्या तरी धातू तिथंच. मासा तपासा, आकडे मराठीत लावा, मग घेतो.

शेळगीकर :
सोमवारी अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज देतोय. गुर्दा, काळीज, उजनीचा मासा, तिन्हीचे नमुने घ्या म्हणून. सही कोण करतंय?

माळकरी :
नाल्याकाठचा पालक घाला अर्जात, मग करतो.