कंपनीच्या खर्चाने परदेश, सोबत सहकारी : तुमचे अनुभव येऊ द्या

घाटमाथा

लेक पुढच्या रविवारी स्टुटगार्टला चाललीय. कंपनीतर्फे, पहिल्यांदाच. बॅगा हॉलभर पसरल्यात आणि तक्रार एकच, "बाबा, तीन आठवडे त्याच्याबरोबर?" तो म्हणजे टीममधला कुणीतरी. मीटिंगमध्ये सारखा पेन टकटकवतो म्हणे. मला एकदम आबा आठवले.

आबा (हे आम्ही ठेवलेलं नाव) आमच्या डिझाईनला होते. कँटीनच्या चहाचा हिशोब वहीत लिहिणारा माणूस. मी सेल्सला. एप्रिल २०१० मध्ये आम्हा दोघांना जर्मनीत एका गिऱ्हाइकाकडे पाठवलं होतं. तिथून हॅनोवरच्या औद्योगिक प्रदर्शनात नुसती चक्कर मारून परत यायचं, एवढंच काम. स्टॉलवरची माणसं, नमुने, कॅटलॉग सगळं मागून पुण्याहून येणार होतं. आणि आइसलँडचा तो ज्वालामुखी फुटला. १५ तारखेपासून एकेक देश आकाश बंद करत सुटला. प्रदर्शन १९ ला. पुण्याची मंडळी मुंबईच्या विमानतळावरूनच घरी गेली. साहेबांचा फोन आला, "आता स्टॉल म्हणजे तुम्ही दोघंच."

प्रदर्शनाच्या दिवसांत हॅनोवरला हॉटेल मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. गावातले लोक घरातल्या खोल्या भाड्याने देतात. आम्हाला एका आजीबाईंची खोली मिळाली. जर्मन डबलबेड म्हणजे एका चौकटीत दोन गाद्या, मध्ये फट, पांघरुणं दोन. आबा पहिल्याच रात्री म्हणाले, "ही फट आपली एलओसी." घोरणं मात्र रोज सीमेपार यायचं. पहाटे पाचला आंघोळ आणि मोठ्याने अथर्वशीर्ष. शेवटी आजीबाईंनी दारावर चिठ्ठी चिकटवली, सहाच्या आधी नळ सोडायचा नाही. टॅक्सीचं नाव काढायचं नाही, कारण डीए (रोजचा भत्ता) वाचवायचा. मग ८ नंबरच्या ट्राममध्ये मांडीवर खोकी घेऊन आम्ही दोघं. दुपारी स्टॉलच्या पडद्यामागे बसून ठेपले खायचे. मनातल्या मनात मी त्यांना रोज पुण्याला परत पाठवत होतो.

पण स्टॉलवर दाखवायला काहीच नव्हतं. टेबल, चार खुर्च्या, कंपनीचा फलक. आबांनी शेजारच्या इटालियन लोकांकडून मोठे कागद मागून आणले, पेन्सिलीला टोक केलं आणि आमच्या गिअरबॉक्सचा उभा छेद काढायला बसले. नुसत्या हाताने. दात, बेअरिंग, ऑइल सील, मापं, टॉलरन्स, सगळं डोक्यातून. इंग्रजी जेमतेम, जर्मन शून्य. पण जाणारा-येणारा इंजिनिअर थांबायचा, एखाद्या ठिकाणी बोट ठेवायचा आणि आबा तेवढाच भाग शेजारी मोठा करून काढून दाखवायचे. एका म्हाताऱ्या जर्मनाने तो कागद आबांची सही घेऊन नेला. ती ऑर्डर पुढे आम्हालाच मिळाली.

तर लिहा. चांगले, वाईट, सगळे चालतील.

पोळीभाजी

२०१० चं नाव काढलंत! नवरा तेव्हा लंडनला अडकलेला, बरोबर ऑफिसातला एक जण, दोघं एकाच खोलीत. त्याची बायको आणि मी रोज फोनवर, "तुमच्याकडे काय कळलं?" आज आम्ही दोघी घट्ट मैत्रिणी आहोत. नवरे मात्र अजून एकमेकांशी बोलत नाहीत. काय झालं ते दोघंही सांगत नाहीत. तिसरी शिट्टी झाली, येते नंतर.

लिंबूफोड

@पोळीभाजी ओला टॉवेल. पैज लावते. गादीवर टाकलेला ओला टॉवेल.

चिंचगुळ

आमची गोष्ट पण हॅनोवरचीच. तिथून ड्युसेलडॉर्फला निघालो होतो. गाडी सुटायची वेळ झाली आणि आमचे बंधू (म्हणजे सहकारी) कॉफी आणायला गेलेले. शिट्टी वाजता वाजता धावत आले आणि मिळेल त्या डब्यात चढले. मला वाटलं, येईल चालत आतून. पण तिकडे काही गाड्या दोन जोडून एक केलेल्या असतात आणि दोन्हींच्या मधून जायला वाट नसते. हाम नावाचं स्टेशन आहे, तिथे त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. एक अर्धी डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फ. दुसरी हागन, वुपरटालवरून कलोन.

बंधूंच्या कानात हेडफोन. घोषणा झाली असेल दोनदा. फोन आला.
"कुठेयस रे?"
"डॉर्टमुंड आलं आत्ता. तू?"
"इथे पाटीवर हागन लिहिलंय."
मी गार. त्याचा कोट, पासपोर्ट, दोघांची तिकिटं आणि त्याने केलेलं प्रेझेंटेशन सगळं माझ्याकडे. टीसीने म्हणे त्याचं ऐकून घेतलं आणि हसला फक्त. मीटिंग मी एकट्याने रेटली, त्यातल्या निम्म्या स्लाईड मी पहिल्यांदा बघत होतो. हा पठ्ठ्या चारला उगवला, चेहऱ्यावर अपराधी भाव वगैरे काही नाही. "अरे, वुपरटालला उलटी लटकणारी ट्रेन आहे, बसून आलो!"

साडेतीन_शहाणा

@चिंचगुळ हसून हसून पुरेवाट. अवांतर: ती लटकती ट्रेन १९०१ पासून चालू आहे, बरीचशी नदीच्या वरून जाते. १९५० मध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी तिच्यात हत्तीचं पिल्लू चढवलं होतं. टुफी नाव. ते बिथरलं आणि डब्याची भिंत फोडून थेट नदीत. वाचलं! थोडंफार खरचटलं फक्त. बंधूंना म्हणावं, तुमच्या आधी तिथे बरेच मोठे पाहुणे येऊन गेलेत.

लिंबूफोड

हत्ती!! धागा कुठून कुठे 😂

डब्बाबंद

मिशिगन, जानेवारी. माझा सहकारी पक्का कोल्हापूरचा. बॅगेत कांदा-लसूण मसाला आणि घरचा इलेक्ट्रिक राइस कुकर. मी म्हटलं, अरे तिथे सगळं मिळतं. तर म्हणे, "भात आपल्या भांड्यातला." पहिल्या रात्री बाहेर बर्फ, पोटात आग, सहाला कुकर लावला. आठ वाजले, पाणी कोमट. नऊ वाजले, कोमट. दहाला जे निघालं त्याला भात म्हणता येत नव्हतं. त्यावर मसाला भुरभुरून दोघांनी वाडग्यातून प्यायलो. त्या रात्री त्याने बायकोला फोनवर सांगितलं, "मस्त जेवलो."

टेकडीवरचा

@डब्बाबंद तुमच्या कुकरचा काही दोष नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिकडे १२०. हीटिंग कॉइलला व्होल्टेज निम्मं झालं की वॅट निम्मे नाही, साधारण पाव होतात. ५०० वॅटचा कुकर तिथे १३६ च्या आसपास चालतो. प्लगला पिन-अॅडॉप्टर लावून हे सुटत नाही, तो फक्त आकार बदलतो. लॅपटॉप, मोबाईलचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर १००-२४० लिहिलेलं असतं. तिकडचा कुकर आणून इथे लावायला जाऊ नका मात्र. तो जळेल.

डब्बाबंद

सर, तुम्ही तेव्हा का नाही भेटलात.

निवांत_नाना

माझा अनुभव आदिस अबाबाचा. पंपांच्या कामाला गेलो होतो, बरोबर एक तरुण इंजिनिअर, अतिशय वक्तशीर पोरगं. पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हरने फोन केला, "उद्या मॉर्निंग टू ओ'क्लॉक." पोराने मला रात्री दीडला उठवलं. "सर, गाडी येईल." खाली जाऊन बसलो दोघं, हा टाय लावून. दोन वाजले, तीन वाजले, हॉटेलचा रखवालदार आमच्याकडे बघून हसतोय. चारला कंटाळून वर गेलो आणि आठला ड्रायव्हर ठरल्या वेळी हजर! तिकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. महिनेही तेरा. आणि सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, त्यामुळे पावतीवरची तारीख बघून आमच्या अकाउंट्सवाल्याने बिल परत पाठवलं तो वेगळाच किस्सा.

जेवणाचं मात्र सुख. मी शाकाहारी. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्यात दूध-अंडं-मांस काही नाही. हॉटेलात "उपासाचं ताट" म्हटलं की मोठी इंजेरा येते, आंबोळीसारखी जाळीदार, चवीला बरीच आंबट, आणि वर डाळी, हिरव्या भाज्या, बीट. आम्ही दोघं एकाच ताटात जेवायचो. पोराला आधी संकोच वाटायचा, सरांच्या ताटात कसा हात घालू. आठवडाभरात माझ्या बाजूची मसूर पण संपवायला लागला.

शेवट वाईट झाला. परत आलो, मुंबईला उतरलो, यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड दाखवा. माझं होतं. त्याचं ऑफिसात झेरॉक्स काढायला म्हणून घेतलं होतं ते तिथेच ड्रॉवरमध्ये. जाताना कुणी विचारत नाही, येताना विचारतात. सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवून घेतलं पोराला. लग्न ठरलेलं, साखरपुडा तिसऱ्या दिवशी. मुलीकडच्यांना फोन मी केला. "ताप आलाय का?" "नाही हो." "मग का ठेवलंय?" सांगून सांगून दमलो.

पोळीभाजी

नाना, साखरपुडा झाला का मग??
आणि @लिंबूफोड, नवऱ्याला विचारलं. "टॉवेल?" एवढंच म्हटलं. चेहरा बघण्यासारखा झाला.

निवांत_नाना

झाला झाला. नंतरच्या मुहूर्तावर. मला अहेर मिळाला.

मधली_सुट्टी

मी वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात. नोव्हेंबरमध्ये ड्युसेलडॉर्फला मेडिका नावाचं मोठं प्रदर्शन असतं, त्याला जावं लागलं तेव्हा लेक आठ महिन्यांची. बरोबर आमचे सर, पन्नाशी उलटलेले, मितभाषी, इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना काय सांगणार की दर चार तासांनी मला दूध काढावं लागेल? सांगितलंच नाही. पहिल्या दुपारी छाती दगड झाली, डोळ्यांत पाणी. सर म्हणाले, "मॅडम, प्रथमोपचाराची खोली मागच्या बाजूला आहे, मी सकाळी बोलून ठेवलंय त्यांच्याशी. मला तीन मुली आहेत."

मग रोजचं ठरून गेलं. मी आत, सर दाराबाहेर फाईल उघडून उभे. कुणी विचारलं तर, "मॅडम कॉलवर आहेत." हॉटेलच्या किचनमध्ये फ्रीजर मागायलाही तेच गेले. रिसेप्शनवरच्या पोराला आधी कळेना, मग इतकं कळलं की त्याने पिशव्यांवर लेबलं लावून दिली. परतताना सरांची बॅग माझ्याहून जाड, म्हणून त्यांनी त्यांची चॉकलेटं माझ्याकडे दिली आणि बर्फाच्या पिशव्या त्यांच्या बॅगेत, मध्ये स्वेटर गुंडाळून. घरी उघडलं तेव्हा आतलं दूध घट्टच होतं. स्वेटरला वास लागला असणार. विषय कधी निघाला नाही.

लिंबूफोड

सरांना दंडवत. 🙏

नाव_नको

सगळं गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू. माझा सीनियर सिंगापूरला रोज रात्री अकरानंतर मेसेज करायचा, "उद्याचा डेक (प्रेझेंटेशन) बघायचाय, खोलीत ये." मी लॉबीत लॅपटॉप घेऊन बसायचे आणि तिथून उत्तर, "सर, खाली आहे, या." एकदाही आला नाही. डेक कधीच बघायचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून रिसेप्शनला सांगून मजला बदलून घेतला. परत आल्यावर तक्रार केली तर मला सांगण्यात आलं की प्रवासात थोडं होतंच. नोकरी सोडली. @घाटमाथा, लेकीला वेगळ्या मजल्यावरची खोली मागायला सांगा. चेक-इनच्या वेळीच, हळू आवाजात. आणि खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारू देऊ नका म्हणावं.

मधली_सुट्टी

@नाव_नको वाचून हात थांबला. बरं केलंत लिहिलंत. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले असतील तर जपून ठेवा.

घाटमाथा

@नाव_नको तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. वाचून म्हणाली, "पेनवाल्याचं एवढं काही नाही रे बाबा." मजल्याचं लिहून घेतलंय तिने.

कोकणकडा

ग्वांगझोऊ. जेवायला गोल टेबल, मध्ये फिरती चकती, दर दोन मिनिटांनी कुणीतरी उठून "गानबेई", म्हणजे पेला रिकामा करा. ती त्यांची कडक दारू, बायच्यू, वास घेतला तरी डोळ्यांत पाणी येतं. मी देवाचं कारण सांगून चहावर राहिलो. आमचा परचेसवाला मात्र मर्दानगीवर घेऊन बसला. सातव्या की आठव्या पेल्याला त्याने समोरच्याच्या गळ्यात हात टाकून ३० टक्के आगाऊ रक्कम कबूल केली. आम्हाला परवानगी १० ची. सकाळी नाश्त्याला ते लोक छापील कागद घेऊन हजर, ह्याला काही आठवत नाही. आणि साहेबांना कळवायचं कसं, तिथे व्हॉट्सॅप चालत नाही, जीमेल चालत नाही! रोमिंगवर फोन लावला, बोलणं मला करायला लावलं. अजून त्याचे पैसे निघताहेत माझ्याकडून, म्हणजे शिव्या.

साडेतीन_शहाणा

देवाचं कारण कुठलं सांगितलंत ते सांगा, पुढच्या महिन्यात मला जायचंय.

कोकणकडा

श्रावण. ते ऑक्टोबर होतं पण त्यांना कुठे माहीत.

डब्बाबंद

@घाटमाथा लेकीबरोबर भाकरवडी द्या, हॅनोवर असो की स्टुटगार्ट, जर्मन लोक चाटून पुसून खातात. पेढे पण.

टेकडीवरचा

भाकरवडी खुशाल द्या. पेढे नकोत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, पेढा म्हणजे खवा. सापडले तर काढून घेतात.

पोळीभाजी

आणि तूप? माझी बहीण दरवेळी नेते म्युनिकला, डबा भरून.

टेकडीवरचा

तेही दुधाचंच.

पोळीभाजी

तिला सांगणार नाही मी.