मदत हवी आहे: पावसात डॅशबोर्डवर एकदम चार-पाच लाइटी लागतात. एबीएस युनिट बदलायचं, की आधी वायरिंग बघायचं?

जांबोटीवाली:

नमस्कार मंडळी,

आमच्या घरची सात सीटची डिझेल गाडी २०१३ सालची, मामंजींनी नवी घेतलेली. दीड लाख किलोमीटरच्या वर पळाली आहे. इंजिनाची तक्रार अजिबात नाही. धूर नाही, ऑइल खात नाही, घाटात दम लागत नाही. पण यंदा पाऊस सुरू झाल्यापासून डॅशबोर्डनं जीव नकोसा केलाय. आम्ही राहतो खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. आमच्या भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मिस्टर गोव्यात नोकरीला असतात, त्यामुळं आठवडाभर गाडी मीच चालवते. मुलांची शाळा, सासूबाईंना बेळगावला डॉक्टरकडं नेणं-आणणं, सगळं हिच्यावरच.

काय होतं ते क्रमानं सांगते, कारण गॅरेजमध्ये सांगायला गेलं की अर्ध्यातच "समजलं वहिनी, सोडून जावा गाडी" म्हणतात.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. चावी फिरवल्यावर ज्या लाइटी लागायच्या त्या लागतात आणि एअरबॅगची सोडली तर इंजिन चालू झालं की विझतात. इथपर्यंत सगळं ठीक. रस्त्याला लागल्यावर हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, असं तिन्ही चालू केलं की थोड्या वेळानं बॅटरीची लाल लाइट लागते. पूर्ण नाही, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी मंद. तिच्या मागोमाग एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) पिवळी. मग कधी कधी ब्रेकची लाल, हँडब्रेक पूर्ण खाली असताना. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडतो, परत उठतो. ब्लोअर बंद केला की एकेक करून विझतात. खड्ड्यात चाक आपटलं की परत सुरू.

आणि एक गोष्ट कुणीच मनावर घेत नाही. इंडिकेटर टाकला की डिझेलचा काटा त्याच्या टिक-टिकबरोबर थरथरतो. पाव टाकीवर असलेला काटा बारीक वर-खाली होत राहतो. इंडिकेटर बंद केला की काटा स्थिर. वायपरचा वेगही त्याच वेळी किंचित पडतो असं मला वाटतं.

कोरड्या दिवशी, हेडलाइट बंद असताना यातलं काहीही होत नाही. त्यामुळं गॅरेजच्या दारात उभी केली की तिथं काही दिसत नाही, आणि घरी येताना तोच प्रकार.

बॅटरी गेल्या वर्षीची आहे. डायनॅमोचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) कार्बन घासलेत म्हणून ते बदलून झाले, थोडे दिवस बरं वाटलं, पण तेव्हा पावसानं उघडीप दिली होती, म्हणून त्यावर माझा भरवसा नाही. नंतर एका ठिकाणी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आले ते मी वहीत उतरवून घेतले: पी०५६२ म्हणजे सिस्टीमचं व्होल्टेज कमी, यू०१२१ म्हणजे एबीएस युनिटशी संपर्क तुटला, आणि सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. त्यावरून मला सांगितलं की एबीएस युनिट गेलंय, नवं घातलं तर चाळीस हजारांच्या पुढं, नाहीतर भंगारातल्या गाडीचं बघू.

मला हे पटत नाही. एबीएस युनिट बिघडलं असेल तर एबीएसची लाइट लागेल, कबूल. पण डिझेलचा काटा कशाला थरथरेल? बॅटरीची लाइट मंद का पेटेल? या सगळ्यांच्या मागं एकच कारण असणार असं माझं मन सांगतं. चाळीस हजार घालायला हरकत नाही, पण दुखणं कळल्याशिवाय पार्ट बदलत बसायचं नाही. एक पार्ट घातला, गेलं नाही, मग दुसरा घातला, असं करत लोकांच्या चांगल्या गाड्या दारात सडलेल्या मी बघितल्यात.

घरात मल्टिमीटर आहे, दहाचा आणि बाराचा पाना आहे. कुठून सुरुवात करू ते कुणी जाणकारानं सांगावं. आणि या लाइटी लागलेल्या असताना गाडी चालवणं कितपत सुरक्षित, हेही. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात रेंज मिळत नाही, बरोबर म्हातारं माणूस आणि मुलं असतात. गणपतीला गोव्याहून सगळे येणार, माहेरी चंदगडलाही जायचंय. त्याच्या आत गाडी विश्वासाची व्हायला पाहिजे.

निपाणीकर:

बॅटरी बदला ताई. पावसाळ्यात सगळ्यांचं हेच असतंय. कंपनीची म्हणून देतात, आत माल जुना असतोय. माझ्या गाडीलाही तवंदी घाटात अशाच लाइटी आल्या होत्या, बॅटरी घातली, गेल्या.

जांबोटीवाली:

धन्यवाद दादा. पण रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजली तर १२.५ दाखवते आणि सेल्फ जोरात फिरतो. बॅटरी बसलेली असती तर सकाळी पहिल्यांदा तिथंच अडलं असतं, नाही का?

वायरमन_बेळगाव:

ताई, तुमचं बरोबर आहे. मी याच कामात आहे, उद्यमबागच्या बाजूला. डिझेलचा काटा इंडिकेटरबरोबर नाचतो हे तुम्ही लिहिलंत तिथंच मला निम्मं उत्तर मिळालं. आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची बॉडीला जाणारी जोडणी, बघा. एबीएस युनिटला आत्ता हात लावू देऊ नका.

कारण समजून घ्या म्हणजे कुणी फसवणार नाही. गाडीत प्लस प्रत्येक वस्तूला वायरनं जातो, पण मायनस परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. बल्ब, ब्लोअर, वायपर, मीटर, युनिट, सगळ्यांचा करंट पत्र्यात उतरतो आणि पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला पोचतो तो एक-दोन जाड केबलींतून. त्या केबलीचा लग, म्हणजे टोकाची बोल्टाखाली बसणारी धातूची कडी, गंजला की करंटला वाट अरुंद होते. दिवसा लोड कमी असतो, भागतं. हेडलाइट आणि ब्लोअर लागला की तेवढ्या वाटेनं जात नाही, मग पत्राच बॅटरीच्या मायनसपेक्षा वर उचलला जातो. मीटरला शून्य म्हणजे पत्रा. शून्यच हललं की काटे चुकतात. युनिटला मिळणारं व्होल्टेज पडलं की ते गप्प बसतं, आणि बाकीची युनिटं म्हणतात एबीएसशी संपर्क तुटला. तुमचे पी०५६२ आणि यू०१२१ हे दोन्ही असे येऊ शकतात. सी००३५ वेगळा असू शकतो, त्याच्याकडं नंतर येऊ.

मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही. बॅटरीच्या दोन शिशांवर, म्हणजे वर आलेल्या शिशाच्या खुंट्यांवर मोजा, त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पवर नको. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आलं तर डायनॅमो आपलं काम करतोय. आता काळी पिन बॅटरीच्या मायनस शिशावर तशीच ठेवा आणि लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवा. आकडा लिहा. मग लाल पिन बॉडीच्या एखाद्या उघड्या बोल्टवर, रंगावर नको. आकडा लिहा. हे दोन्ही आकडे ०.१ च्या आसपास किंवा त्याच्या आत पाहिजेत. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की दुखणं सापडलं म्हणा. मोजताना कुणाला तरी केबली हाताने हलवायला सांगा. फक्त पंखा आणि पट्ट्यापासून हात, पदर, ओढणी लांब.

आणि भंगारातलं एबीएस युनिट घेऊ नका. दिसायला सारखं असलं तरी गाडीच्या व्हेरियंटप्रमाणं आतलं कोडिंग वेगळं असतं. बसवलं आणि जुळलं नाही तर ब्रेक ऑइल काढून परत भरताना पाइपातली हवा काढण्याचा खर्च वेगळाच.

घाटवाट:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझं चोर्ल्यातून जाणं-येणं कायमचं आहे.

एकटी एबीएसची पिवळी लाइट लागली तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पण एबीएसची पिवळी आणि ब्रेकची लाल दोन्ही एकदम असतील तर आधी थांबून ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी बरोबर असली तरी पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते. मग ओल्या उतारावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. तुम्ही दोन्ही लागतात असं लिहिलंय, म्हणून हात जोडून सांगतो, हे सुटेपर्यंत पावसात घाट उतरू नका. जांबोटी-बेळगाव जावं लागलंच तर दिवसा आणि हळू, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून.

बॅटरीची लाइट पूर्ण लाल लागून राहिली तर ब्लोअर, एसी, गाणी सगळं बंद करा आणि वस्तीत पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. एकदा बंद केलं तर परत सेल्फ मारेल याची खात्री नाही. ऑइलची लाल किंवा तापमानाची लाल लागली तर मात्र उलट, जिथं असाल तिथं बाजूला घेऊन लगेच बंद.

चंदगडी:

वरच्या बोलण्यात एक भर. वायपरखाली जी जाळी असते तिथली पानं काढा. आपल्याकडं गाडी झाडाखाली उभी असते, पानं कुजून पाणी जायचं भोक बुजतं आणि पाणी आत उतरतं. डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट मुठीनं दाबून बघा, ओलं लागलं तर खालच्या कनेक्टरात पाणी आहे. फ्यूजबॉक्सच्या आसपास उंदरानं कुरतडलंय का तेही बघा. ऊस जवळ असला की पावसात ते बॉनेटमध्ये घर करतात.

जांबोटीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मिस्टर घरी होते, दोघांनी मिळून मोजलं.

सगळा लोड चालू असताना बॅटरीवर १४.१. मायनस ते इंजिन ०.०६. मायनस ते बॉडी १.४! मिस्टरांनी बॅटरीखालची केबल हलवली तर आकडा तीनच्या वर उडाला आणि त्याच क्षणी आत बसलेला माझा मुलगा ओरडला, "आई, लाइट लागली!" मी कितीतरी दिवस जे गॅरेजवाल्यांना दाखवू बघत होते, ते आमच्याच अंगणात हातानं केबल हलवल्यावर दिसलं.

बॅटरी ट्रे काढला. खाली बॉडीला जाणाऱ्या अर्थ केबलीचा लग वरून बरा दिसत होता. बोल्ट सोडवला तर खालची बाजू हिरव्या-पांढऱ्या पुडीनं भरलेली, आणि केबलीच्या रबराला चिमटीत दाबलं तर आतून ओली कुरकुर लागते. रबर कापलं तर तांब्याच्या तारा काळ्या पडून हाताला पूड यावी अशा तुटत होत्या. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी असते, तीही निम्मी तुटलेली. म्हणजे दोन्ही वाटा एकदम गेलेल्या.

वायरमन दादांनी सांगितलेलं कारण अगदी तसंच निघालं. खात्रीसाठी जंपर केबलीनं बॅटरीचा मायनस थेट बॉडीला जोडला. काट्याचं थरथरणं तिथल्या तिथं थांबलं, ब्लोअर पूर्ण असूनही. मग बेळगावातून त्याच जाडीची केबल लग प्रेस करून आणली, पट्टीही नवी. बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत करून आवळला आणि वरून व्हॅसलीन लावलं. आता मायनस ते बॉडी ०.०४. मुसळधार पावसात सगळं चालू ठेवून खानापूरपर्यंत जाऊन आले. बॅटरीची लाइट नाही, ब्रेकची लाल नाही.

कार्पेट कोरडं होतं, पण जाळीतून पानांचा ओला लगदा निघाला आणि ते पाणी नेमकं बॅटरी ट्रेवर पडत होतं. चंदगडी दादा, तुमच्यामुळं मूळ सापडलं, नाहीतर नवी केबलही पुढच्या पावसात तशीच झाली असती.

राहिल्या दोन गोष्टी. कोड पुसल्यावर पी०५६२ आणि यू०१२१ परत आले नाहीत, सी००३५ मात्र आला, आणि एबीएसची पिवळी आता वेग घेतल्यावर लागते, लोडचा संबंध नाही. शिवाय एअरबॅगची लाइट उन्हाळ्यात सीटखाली साफसफाई केल्यापासून कायम आहे. चाकाच्या सेन्सरची वायर तुटली असेल तर जोडून चालेल का?

वायरमन_बेळगाव:

छान काम केलंत ताई. आमच्याकडं येणाऱ्या पोरांना दाखवावं असं.

सी००३५ साठी डावं चाक काढा. सेन्सरचं तोंड पुसा, त्यावर लोखंडाची पूड चिकटते. मग वायर शॉकअॅब्सॉर्बरजवळ जिथं वळते तिथं हातानं चाचपा, बहुतेक तिथंच आतून तुटते. तिथं जोड देऊ नका. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि प्रत्येक खड्ड्यात हलून शेजारी परत तुटते. सेन्सर वायरीसकट नवा घाला, एबीएस युनिटच्या मानानं किरकोळ खर्च आहे. बसवल्यावर कोड पुसून चालवून बघा आणि स्कॅनरवर चारही चाकांचे वेग सारखे दिसतात का ते बघून घ्या. तोपर्यंत घाट नको.

एअरबॅगचं मात्र स्वतः करू नका. सीटखाली पिवळं कनेक्टर सैल झालेलं असणार, पण त्याला मल्टिमीटर लावायचा नाही आणि चावी चालू असताना हात तर मुळीच नाही. बॅटरीचा मायनस काढून दहा-पंधरा मिनिटं थांबूनच ते कनेक्टर दाबतात, आणि लाइट घालवायला एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो, साधा चालत नाही. चाकाच्या कामाला बेळगावात याल तेव्हा दोन्ही एकदम करून घ्या.