मदत हवी आहे: बोटीवर कमी गॅसमध्ये ऑक्टोपस मऊ कसा शिजवायचा?

आम्ही नवरा-बायको सध्या ग्रीसच्या सायक्लेडीज बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर राहतोय. पारोसच्या नाउसा बंदरात ऑक्टोपस दोरीवर वाळत घातलेले असतात, तेच मग निखाऱ्यावर भाजून लिंबू पिळून देतात. अप्रतिम लागतात! आता ताजा ऑक्टोपस कोळ्यांकडून घेऊन आम्हीच करतो, पण भाजण्याआधी तो मऊ करण्यात अडलोय.

इथल्यासारखा दगडावर आपटून पाहिला, थोडाच फरक पडला. झाकण ठेवून मंद आचेवर, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात तासभर शिजवला की छान होतो (मीठ घालत नाही, तो मुळातच खारट असतो). पण गॅस फार जातो. आमच्याकडे २.७५ किलोची छोटी निळी टाकी आहे आणि ती प्रत्येक बेटावर मिळेलच असं नाही. कुकरमध्ये तीन शिट्ट्या केल्या तर आतून चिवट राहिला. जास्त केल्या तर साल आणि चोषकं सुटून आली, मग भाजायला काही उरत नाही.

फ्रीजर नाही, त्यामुळे गोठवून मऊ करणं शक्य नाही. गोडं पाणीही जपून वापरावं लागतं. कुकर ३ लिटरचा आहे, तोही नांगर टाकल्यावरच लावतो.

कोकणात माकुल किंवा ऑक्टोपस कुकरला लावणाऱ्यांनी कृपया सांगा: साधारण १ किलोचा ऑक्टोपस अख्खा लावायचा की पाय सुटे करून, पाणी घालायचं का, आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर नेमकी किती मिनिटं ठेवायचा?