मदत हवी आहे : जत्रेतला दशावतार पाहायचा आहे

नमस्कार मंडळी. यंदा कार्तिकानंतर आईला घेऊन सिंधुदुर्गात जायचं ठरवतोय, ते मुख्यतः दशावतारासाठी, म्हणजे तिथल्या पारंपरिक लोकनाट्यासाठी. मुंबईच्या नाट्यगृहात दोन-अडीच तासांत बसवलेले प्रयोग पाहिलेत, पण मला तो देवळासमोर, जत्रेच्या रात्री, पालखी झाल्यावर उभा राहणारा हवाय. सुरुवातीला गणपती, मग वेद चोरणारा राक्षस संकासुर, आणि पुढे पहाटेपर्यंत आख्यान, म्हणजे पुराणातली कथा. लिखित संहिता नसताना नट जागेवरच संवाद रचतात आणि पखवाज, पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनियम), झांज त्यांना धरून राहतात, हे समोर बसूनच अनुभवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अडचण तारखांची आहे. प्रत्येक गावची जत्रा तिथीप्रमाणे, त्यामुळे रेल्वेचं आरक्षण आधी करायचं तर कुठल्या गावच्या तारखा धरायच्या? कुडाळ-वेंगुर्ला भागातल्या कुणी दोन-तीन गावं सुचवाल का? आईचं वय बहात्तर, गुडघे दुखतात. रात्रभर खाली बसणं तिला जमणार नाही. घरून घडीची खुर्ची नेली तर चालते ना? आणि जत्रेच्या दिवसांत गावाजवळ घरगुती राहण्याची सोय होते का, की कुडाळलाच उतरावं?

दिवसा कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवताना पाहायचा विचार आहे. पिंगुळीत चित्रकथीचं सादरीकरण पाहायचं तर आधी कळवावं लागतं का? मानधन किती द्यावं, म्हणजे कलाकारांचा मान राहील?